दाढ काढायला मुंबई कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हेच पुढे पाठवीन. कराडात गल्लीगणिक दातांचे दवाखाने असताना मी सतरा वर्षांच्या घोड्याएवढ्या पोराला दाढ काढायला परळला नेते, तीन दिवस तिथेच राहते. "केवढं करतेस गं!" म्हणतात, त्यातलं कौतुक मला अजून सापडलेलं नाही.

रक्त गोठवणाऱ्या, नंबर लावलेल्या घटकांना फॅक्टर म्हणतात. त्याच्या रक्तात तेरावा फॅक्टर जवळजवळ नाही. हिमोफिलिया वेगळा. तिथे आठवा किंवा नववा कमी असतो, त्रास बहुतेक मुलग्यांना होतो. हा मात्र आई-वडील दोघांकडून यावा लागतो आणि मुलींनाही होतो. आपल्याकडे तेरावं कशाचं घालतात ते मला ठाऊक आहे, तो विनोद करून झालाय.

आणि हो, माझं लग्न आतेभावाशी झालंय. दाढेच्या प्रश्नाच्या पोटात हाच प्रश्न असतो, म्हणून उरकून टाकते. माझी बहीण दुसऱ्या आत्याच्या घरी दिली, तिची तिन्ही पोरं धडधाकट आहेत. हे मी वर्षानुवर्षं तोंडावर फेकत आले. त्याने काही सिद्ध होत नाही, हेही मला कळतं. आई-वडील दोघांत दोष दडलेला असला तर प्रत्येक खेपेला चारात एक, एवढाच हिशेब.

तो सहा वर्षांचा असताना हर्नियाचं ऑपरेशन झालं. आधी रक्त गोठण्याच्या तपासण्या केल्या होत्या. बीटी-सीटी, पीटी, एपीटीटी, सगळं नॉर्मल. ऑपरेशनात रक्त गेलं नाही म्हणून डॉक्टरही खूश. दुसऱ्या दिवशी घरी आणलं, त्याने वरणभात खाल्ला. त्या रात्री तीनच्या सुमाराला चादर बदलायला उठले तर हाताला ओलं लागलं. मला वाटलं, शू केली असेल. दिवा लावला. जांघ फुगून काळीनिळी झाली होती आणि पट्टीतून रक्त झिरपत होतं. धो धो नाही, झिरपत होतं. ते जास्त भयंकर असतं, कारण आता थांबेल, आता थांबेल, असं वाटत राहतं. मी टॉवेल दाबून पाऊण तास बसले. तो पाऊण तास अजून माझ्या अंगावर आहे.

टाके उसवून पुन्हा बघितलं, तर फुटलेली नस सापडेना. प्लाझ्मा चढवल्यावर थांबलं. सकाळी भुलीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "जन्मल्यावर बेंबीतून रक्त गेलं होतं का?" मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि बाकावरून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलल्या, "नाळ पडल्यावर नऊ दिवस गळत होती. मीच हळद दाबत होते."

ऑपरेशनआधी मला हे कुणी विचारलंच नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. डॉक्टरांनी विचारलं होतं, रक्त न थांबण्याचा त्रास कधी झालाय का. मी घाईत "नाही" म्हटलं. नाळ बाळंतपणाच्या खोलीतली गोष्ट, ती त्रासात धरायची असते हे मला सुचलं नाही. की नात्यातल्या लग्नावर बोट येईल म्हणून सुचू दिलं नाही? तेव्हाच्या मला मी हे कितीदा विचारलंय. ती गप्प राहते.

रिपोर्ट नॉर्मल का होते, तेही सांगते. या तपासण्या रक्त पहिल्यांदा थांबायला किंवा गुठळी धरायला किती वेळ लागतो ते मोजतात. तेराव्याचं काम त्यानंतर सुरू होतं. आधी गुठळीचे धागे नुसत्या धावदोऱ्याने जोडलेले असतात, तेरावा त्यावर पक्की टीप मारतो. टीप नसली की शिवण दिसते ठीक आणि दिवस-दीड दिवसाने उसवते. दिलेल्या प्लाझ्मात दुसऱ्याचा तेरावा असतो, तो अंगातून उतरावा म्हणून दीड महिना थांबून परळला तपासणी केली. त्याच्या रक्ताची गुठळी युरियाच्या पाण्यात ठेवली. निरोगी माणसाची चोवीस तासांनीही टिकते. त्याची काही तासांत विरघळली.

आता महिन्याला एकदा क्रायो चढतं, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला, तेरावा असलेला घट्ट अंश. मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते, म्हणून. तेरावा अंगात निम्मा व्हायलाच आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून महिन्यातून एकदा भागतं. आठव्यावाल्या पोरांना हे सुख नाही, त्यांचा फॅक्टर काही तासांत निम्मा होतो.

ते क्रायो कराडलाच चढतं. मग क्रायो देऊन दाढही इथेच काढा, असं तुम्ही म्हणाल. बरोबर असेलही. मुलगाही तेच म्हणतो. पण इथला डॉक्टर रक्त थांबलं की घरी जा म्हणणार, आणि थांबलेल्या रक्तावर माझा विश्वास नाही.

गुरुवारी सकाळी दाढ आहे. तो म्हणतो, शुक्रवारीच परत येऊ, शनिवारी त्याची मॅच आहे. मी शनिवार रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट काढलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.