वर्षावास आणि धम्मवर्गाचे शिक्षक

रविवार, आषाढ

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला आणि नागपुरातील लष्करीबाग, रामेश्वरी व कामठी रोडकडील विहार समित्यांनी इंदोऱ्यासारखा आपल्याकडेही मुलांसाठी रविवारचा धम्मवर्ग सुरू करावा, अशी मागणी केली. मुलांनी त्रिशरण-पंचशील नुसते पाठ न म्हणता समजून घ्यावे, ही पालकांची तळमळ पाहून फार समाधान वाटते. विहार आहे, सतरंज्या आहेत, मुलेही आहेत. प्रश्न आहे तो कायम येणाऱ्या शिक्षकाचा.

वर्षावासाचे तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत, भंतेजी, म्हणजे भिक्खू, एकाच विहारात मुक्कामी असतात आणि मुलांना आनंदाने शिकवतात. त्यांच्या आधाराने वर्ग उभा राहतो. पण त्यांची चारिका, म्हणजे गावोगावची भ्रमंती, सुरू झाली की वर्गाला वाली उरत नाही. त्याच सुमारास अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर हे धम्मदीक्षेचे दिवस येतात, आणि दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांच्या भोजनदानात व निवासाच्या व्यवस्थेत आमचे बहुतेक कार्यकर्ते गुंतलेले असतात. वर्ग सावरायला माणसे हवीत नेमक्या तेव्हाच ती मिळत नाहीत.

म्हणून माझे मत ठाम आहे, की वर्षावासात नवे वर्ग उघडण्याऐवजी नवे शिक्षक घडवावेत. प्रत्येक वस्तीतील दोन उपासक-उपासिकांनी या काळात भंतेजींजवळ बसून गाथांचे उच्चार आणि अर्थ पक्के करावेत. वर्ग त्यानंतर सुरू व्हावा. विद्यापीठातून पालीत एम.ए. झालेली मुले-मुली उत्तम शिकवतात, पण नोकरी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी ती पुण्या-मुंबईला जातात, आणि जावेच. वस्तीत राहते ती निवृत्त शिक्षिका किंवा घर सांभाळून येणारी ताई. एम.ए. झालेल्यांनी महिन्यातून एकदा या ताईंना शिकवावे, असे मला वाटते. प्रवासखर्च मात्र समितीने द्यायलाच हवा.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. धम्मपद या बुद्धवचनांच्या ग्रंथाचे २६ वग्ग, म्हणजे प्रकरणे, आहेत. एका वग्गाला दोन रविवार दिले तर कागदावर वर्ष बरोबर भरते. प्रत्यक्षात शाळेच्या परीक्षा, सुट्ट्या आणि एप्रिलमधील जयंतीच्या तयारीत कित्येक रविवार जातात, त्यामुळे ४२३ गाथांपैकी निवडकच घ्याव्या लागतील. निवड कोणतीही असो, सर्व विहारांत एका रविवारी एकच वग्ग चालावा, हा माझा आग्रह आहे. कारण इंदोऱ्यातील ताई आजारी पडल्या तर वैशालीनगरातील शिक्षिका त्यांच्या जागी उभी राहू शकते आणि मुलांचा धडा तुटत नाही.

आज रामेश्वरीच्या समितीने दोन नावे कळवली. दोघीही वस्तीतल्याच आहेत. लष्करीबागेतून एकच नाव आले. कामठी रोडकडील समितीला उद्या फोन करून विनंती करणार आहे, की नावे ठरेपर्यंत त्यांनी आपली मुले इंदोऱ्याच्या वर्गाला पाठवावीत.