मारुतीचा शेंदूर

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि शाळांची स्नेहसंमेलनं पाठोपाठ येतात. आम्हा रंगभूषा करणाऱ्यांची तेव्हा नुसती धावपळ. त्या संध्याकाळी हुतात्मा स्मृती मंदिरात एका शाळेचं रामायण होतं. राम, सीता आणि रावण माझ्याकडे. वानरसेना पालकच रंगवणार, असं ठरलेलं.

मेकअपरूममध्ये शिरले तर पहिली-दुसरीतली बारा पोरं बाकावर ओळीनं बसलेली, चेहरे केशरी-लालभडक. मारुती झालेल्या मुलाचे आजोबा ताटलीत खोबरेल तेलात शेंदूर कालवून बोटानं लावत होते. पुडी पूजेच्या दुकानातली. मारुती गाल फुगवायचा सराव करत होता आणि मधूनमधून ओठांवरून जीभ फिरवत होता. माझ्या पोटात गोळाच आला.

"आजोबा, थांबा. हे तोंडाला नको."

"ओ ताई, मारुतीला शेंदूर न्हाई तर काय पावडर लावायची?"

त्यांची श्रद्धा खरी होती, म्हणून मी खाली बसून सांगितलं. खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. वजनात दहातले नऊ भाग शिसंच. सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांत रंगातलं शिसं दशलक्ष भागांत 20 भागांच्या वर चालत नाही. पूजेच्या पुडीला तो नियम लागत नाही, कारण ती तोंडाला लावायला विकलेलीच नसते. काही पुड्यांत शिसं नसेलही, पण नुसतं बघून ते कुणाला कळणार? कातडीतून हे शिसं फारसं आत जात नाही, हेही मी सांगितलं. भीती तोंडाची. ओठ चाटले, त्याच हातानं वडा खाल्ला, की पोटात. मोठ्या माणसाचं शरीर पोटातल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शोषतं, लहान मुलाचं निम्म्यापर्यंत. आणि ते मेंदूच्या वाढीवर उठतं. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी ठाऊकच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आजोबांची हयात चादरीच्या कारखान्यात गेलेली. "सुताचा रंग नातवाच्या तोंडाला लावाल का?" असं विचारल्यावर ते थबकले. "मग देवळात बोटानं लावतो त्याचं काय?"

"देवाला लावा की. प्रसादाला हात लावायच्या आधी तेवढे हात धुवा."

त्यांनी स्वतःच ताटली उचलून बाजूला ठेवली.

पडदा उघडायला पाऊण तास. एक वडील रॉकेल आणायला निघाले होते, त्यांना थांबवलं. रॉकेलनं कातडी सोलवटते, आणि त्याचा वासही पोरांच्या छातीत जातो. शेंदूर कोरडा खरवडायचा नाही, धूळ उडते. साधं खोबरेल तेल लावून कापसानं हलकेच टिपायचं, प्रत्येक वेळी नवा कापूस, मग साबण आणि पाणी. नखं घासली, सगळ्यांना चुळा भरायला लावल्या. एकाच्या पापण्यांवर हस्तकलेची चमकी होती. तिच्या कडा धारदार असतात, बुबुळावर ओरखडा उठतो. ती ओल्या कापसानं डोळ्यापासून बाहेरच्या बाजूला काढली. दुसऱ्याचे गाल लाल होऊन चुरचुरत होते. त्याला मी काहीच लावलं नाही, कागदाचा मुखवटा दिला. त्याची आई हिरमुसली, पण चुरचुरणाऱ्या कातडीवर रंग चढवायचा नाही, यात मी कुणाचंच ऐकत नाही.

बाकीच्या अकरा चेहऱ्यांना पाण्यात विरघळणारा केशरी रंग माझ्या एका डबीत पुरला.

शाळेच्या बाईंनी त्याच रात्री पालकांना कळवलं: पोरानं शेंदूर चाटल्याची शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, गरज वाटली तर ते रक्तातलं शिसं तपासतील. आता शाळेचं काम घेताना माझी एकच अट असते. पालक जे काही लावणार, त्याच्या डबीच्या घटक छापलेल्या बाजूचा फोटो मला आधी हवा, आणि रंग आदल्या दिवशी मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहिलेला हवा.