स्ट्रॉबेरीचा उभा मनोरा

स्ट्रॉबेरीची मुळे फार खोल जात नसल्यामुळे, अंगण नसलेल्या घरातही ती उभ्या नळीत चांगली वाढते. मी ६ इंच व्यासाची, ४ फूट लांबीची पीव्हीसी नळी घेतली, तळाच्या झाकणाला निचऱ्यासाठी छिद्रे पाडली आणि अंगावर २ इंची भोके एकाखाली एक न घेता तिरक्या ओळीत पाडली, जेणेकरून वरच्या रोपाची सावली खालच्या रोपावर पडू नये.

या रचनेतला खरा प्रश्न पाण्याचा आहे. वरून ओतलेले पाणी कडेने ओघळून जाते, मधली रोपे तहानलेली राहतात आणि तळाशी चिखल साचतो. माझ्या पहिल्या मनोऱ्यातील मधली रोपे अशीच वाळली, याची मला आजही हळहळ वाटते. म्हणून आता मी पाणी ओतण्यासाठी मधोमध १ इंची नळी उभी करतो, तिचे खालचे तोंड बंद करून वरच्या भागात जास्त आणि खाली कमी छिद्रे पाडतो, आणि माती आत शिरू नये म्हणून तिला गोणपाट गुंडाळूनच भोवती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट व परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) यांचे हलके मिश्रण भरतो. मिश्रणाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ ते ६.५ असावा.

लावताना रोपाचा गाभा, म्हणजे जेथून पाने फुटतात तो भाग, मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे, कारण गाडला गेला तर तो कुजतो. सर्व बाजूंना ऊन मिळावे यासाठी मी मनोरा दर दोन दिवसांनी थोडा फिरवतो आणि फळे धरण्याच्या काळात रोपांना फुटणारे धावते कोंब, म्हणजे नवी रोपे धरणाऱ्या लांब फांद्या, कापून टाकतो.