नाखोदला जाऊन आले: योसेफ श्क्वोरेत्स्कीच्या गावी एक दिवस

टोरंटोजवळच्या मिसिसागाला राहायला येऊन नऊ वर्षं झाली, टोरंटो युनिव्हर्सिटीचा कॅम्पस घरापासून दहा मिनिटांवर, आणि तिथे योसेफ श्क्वोरेत्स्की हा झेक लेखक वीसेक वर्षं शिकवत होता हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी! तेव्हा या कॉलेजचं नाव एरिंडेल होतं. त्यानंतर त्याची मिळतील ती पुस्तकं वाचत सुटले आणि या मे महिन्यात प्रागला जायचा योग आला तेव्हा ठरवलंच की त्याचं गाव बघायचं. मराठीत याबद्दल कुठे काही सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माणूस कोण ते सांगते. जन्म 1924, नाखोद, पोलंडच्या सीमेला लागून असलेलं छोटं गाव. बाप बँकेत, पोरगा सॅक्सोफोनचा वेडा, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या गावात युद्धसामानाच्या कारखान्यात सक्तीची मजुरी. चोविसाव्या वर्षी त्याने 'द कॉवर्ड्स' ही कादंबरी लिहायला घेतली. मे 1945 चा एकच आठवडा, युद्ध संपतंय, गावात क्रांती होतेय, आणि डॅनी नावाच्या पोराला मात्र जॅझ आणि मुली यापलीकडे काही सुचत नाही. पुस्तक छापून आलं 1958 मध्ये आणि लगेच बंदी, याची मासिकातली नोकरीही गेली. कम्युनिस्ट सरकारला मुक्तीचा सोहळा हवा होता, याने जसं दिसलं तसं लिहिलं, घाबरलेले प्रतिष्ठित लोक आणि सगळं. ऑगस्ट 1968 मध्ये चेकोस्लोवाकियात रशियन रणगाडे घुसले आणि 1969 च्या सुरुवातीला तो बायकोला घेऊन कॅनडात आला.

बायको झ्देना सालिवारोवा, स्वतः लेखिका. या दोघांनी 1971 मध्ये टोरंटोत '68 पब्लिशर्स' सुरू केलं, नाव त्या 68 सालावरूनच. मायदेशी ज्यांच्यावर बंदी त्यांची पुस्तकं झेकमध्ये छापायची, जगभर पांगलेल्या झेक लोकांना पोस्टाने पाठवायची, आणि काही प्रती कुणाकुणाच्या सामानातून लपून देशात जायच्या. मिलान कुंदेरा या झेक लेखकाच्या 'अनबेअरेबल लाइटनेस' कादंबरीचा मूळ झेक मजकूर पहिल्यांदा छापला गेला तो टोरंटोत, 1985 मध्ये. मी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं प्रूफरीडिंग केलंय, वर्षाला एक अंक काढताना सगळ्यांची दमछाक होते, आणि या दोघांनी बावीस वर्षांत सव्वादोनशेच्या आसपास पुस्तकं काढली, तो कॉलेजची नोकरी सांभाळून आणि ती टाइपसेटिंगपासून हिशेबापर्यंत सगळं अंगावर घेऊन. माझ्या मते तिचं नाव त्याच्या आधी घ्यायला हवं.

तर प्रवास. प्रागमध्ये पहिल्यांदा लिब्री प्रोहिबिती या लायब्ररीत जा.  बंदी घातलेली, टाइपरायटरवर कार्बन लावून काढलेली आणि परदेशात छापलेली पुस्तकं इथे जपून ठेवलीत. रोज उघडी नसते, जायच्या आधी मेल करून वेळ आणि काय बघायचंय ते कळवा. टोरंटोत छापलेलं एक पुस्तक हातात घेतलं, पेपरबॅक, आपल्या जुन्या पॉकेटबुकासारखं, कडा पिवळ्या, आत खाली टोरंटो असं छापलेलं. झेक अक्षरांच्या डोक्यावर छोटी उलटी टोपी असते, हाचेक म्हणतात तिला, ती प्रत्येक टोपी जागच्या जागी. मला झेक वाचता येत नाही तरी पंधरा मिनिटं पानं उलटत बसले.

नाखोदला जायला प्राग मेट्रोच्या बी लाइनचं शेवटचं स्टेशन चेर्नी मोस्त, तिथून बस सुटते, साधारण अडीच तास धरा. ट्रेनने जाता येतं पण मध्ये गाड्या बदलाव्या लागतात, बसच बरी. शनिवार-रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं, ते न बघता गेले आणि माझा सव्वा तास स्टँडवरच गेला, तेव्हा आयडॉस या ॲपवर परतीची बससुद्धा आधीच बघून ठेवा. युरो नाही, क्राऊन लागतात. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा हवा.

गावात उतरलात की सरळ मासारिक चौक गाठा. मधोमध सेंट लॉरेन्सचं चर्च, त्याच्या दोन बुटक्या मनोऱ्यांना गावकरी आदम आणि ईव्ह म्हणतात. बाजूला बेरानेक हॉटेल, वर टेकडीवर किल्ला. पुस्तकात गावाचं नाव कोस्तेलेत्स आहे, पण चौकात उभं राहिलं की डॅनी कुठून कुठे फिरत होता ते आपोआप डोळ्यांसमोर येतं, म्हणून 'द कॉवर्ड्स' इंग्रजीत मिळते ती आधी वाचूनच या, नाहीतर हा चौक इतर झेक चौकांसारखाच वाटेल. किल्ल्यावर चढण बऱ्यापैकी आहे, गुडघे दुखत असतील तर सावकाश, आणि सोमवार टाळा. वरून सगळं गाव दिसतं, डावीउजवीकडे डोंगर, पलीकडे पोलंड. एवढ्याशा गावातला एक आठवडा त्याने चारशेच्या वर पानांत मांडला आणि टोरंटोत बसून पुढची चाळीस वर्षं पुन्हापुन्हा याच गावाकडे येत राहिला, हे वर उभं राहून नीट कळलं. मी अर्धा तास हलले नाही.

शाकाहारी मंडळींनी स्माझेनी सीर मागा, तळलेलं चीज, बटाट्यांबरोबर देतात. सूपमध्ये मांसाचा स्टॉक असतो, विचारून घ्या.

ज्यांना युरोप जमणार नाही पण टोरंटोत आहात त्यांनी सेंट जॉर्ज स्ट्रीटवरची टॉमस फिशर लायब्ररी बघा, श्क्वोरेत्स्कीची कागदपत्रं तिथेच ठेवलीत. फुकट आहे, फोटो आयडी न्या, कोणती फाइल हवी ते आधी कळवा, बॅग बाहेर ठेवावी लागते आणि आत पेन चालत नाही, पेन्सिल घेऊन जा. मी पुढच्या महिन्यात जातेय, कुणाला यायचं असेल तर सांगा.