चाप हातात आला नाही तेव्हा

‘काका, सगळे नंबर जुळतायत!’ असा फोन आला की मला आधी धडकी भरते. ऐंशी वर्षं वापरलेल्या लष्करी रायफलीच्या सगळ्या भागांवर एकच नंबर असेल, तर एक तर ती पेटीतून कधी बाहेर आली नाही, नाही तर कुणीतरी बसून जुळवलंय. मी आयुष्यभर टूलरूममध्ये पंच आणि डाय केले. त्यामुळे ठोकलेला आकडा दिसला की भिंग आपोआप खिशातून बाहेर येतं. रायफल गोळा करणारी पोरं मला बोलावतात ती त्याचसाठी. मी स्वतः एकही बाळगत नाही.

ही होती थ्री नॉट थ्री, म्हणजे ब्रिटिश ली-एनफिल्ड, नंबर फोर मार्क वन स्टार. मॅगझिन काढलं, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढला, चेंबर रिकामं असल्याची बोट घालून खात्री केली आणि मगच चष्मा लावला. लाकडी दस्ता जिथे धातूला भिडतो तिथे डाव्या बाजूला नंबर, आणि आकड्यांच्या मधोमध ‘सी’. हा ‘सी’ म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं चिकोपी फॉल्स, तिथला सॅव्हेज कंपनीचा कारखाना. कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याच्या नंबरात त्याच जागी ‘एल’ असतो. वर ‘यू. एस. प्रॉपर्टी’. हे वाचून लोक हमखास फसतात आणि रायफल अमेरिकन लष्कराची समजतात. १९४१ च्या लेंड-लीज कायद्याखाली हा माल ब्रिटनसाठी बनत होता. कागदोपत्री मालकी अमेरिकेची, म्हणून तो शिक्का.

‘स्टार’ची खूण सोपी. साध्या मार्क वनमध्ये बोल्ट काढायचा तर बोल्टहेड, म्हणजे त्याचं पुढचं टोक, सोडवायला एक खटका दाबावा लागतो. स्टारमध्ये खटकाच नाही, बोल्टच्या रुळाला एक खाच पाडलेली. एक सुटा भाग वाचला, मशीनचं काम वाचलं. मात्र त्या खाचेची कड उडते, म्हणून कुठलीही स्टार हातात आली की मी आधी तिथे बघतो. हिची कड शाबूत होती.

मग बोल्ट. मूठ जिथे बाहेर येते तिथे मागच्या सपाटीवर नंबर, आणि तो खरोखर जुळत होता. पण भिंगाखाली ती सपाटी जरा जास्तच सपाट वाटली. टेबल लॅम्पचा उजेड तिरका पाडला, तर मधे हलका खोलगट भाग. जुना आकडा घासून काढलेला! नव्या आकड्यांच्या कडा धारदार, आणि त्यांचं वळण दस्त्याजवळच्या आकड्यांहून निराळं. तिथला ‘तीन’ गोल पोटाचा, इथला डोक्यावर चपटा. पंचचा संच वेगळा म्हणजे हात वेगळा. भर म्हणून बोल्टच्या अंगावर बारीक अक्षरात ‘एम ४७ सी’, म्हणजे बर्मिंगहॅमजवळच्या शर्लीतल्या बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कारखान्याचा युद्धकाळातला सांकेतिक नंबर. सॅव्हेजच्या रायफलीत बीएसएचा बोल्ट, वर घासून ठोकलेला नंबर. मी भिंग मिटलं आणि म्हणालो, ‘जुळवलेली आहे रे. ओरिजिनल नाही.’

त्याचा चेहरा पडला. मग मी, जखमेवर मीठ चोळावं तसा, बाकीचंही दाखवत सुटलो. दस्त्याची तळपट्टी जस्ताच्या मिश्रधातूची, आधीच्या काळातली पितळेची असते. नेम धरायची मागची साइट २०० ते १३०० यार्डांची, स्क्रू फिरवून चढवायची, मिलिंग करून बनवलेली. युद्ध तापलं तेव्हा ३०० आणि ६०० यार्डांची दोन भोकांची साधी पट्टीही चालवून घेतली होती. पत्र्यातून ठोकून काढलेल्या साइटही आल्या. नळीवर ‘नायट्रो प्रूव्ह्ड’ आणि ‘१८.५ टन्स’ कोरलेलं. त्याला तो लष्करी शिक्का वाटत होता. तो लष्कर सोडून बाजारात येताना झालेल्या चाचणीचा.

शेवटी त्याने दस्त्यावरचा ‘एस’ दाखवला. ‘निदान हे लाकूड तरी सॅव्हेजचं ना?’ इथे मी जरा मवाळ झालो, कारण याच ‘एस’ने मला एकदा चारचौघांत तोंडघशी पाडलंय. सॅव्हेज आपल्या सुट्या भागांवर कोनदार, चौकोनी ‘एस’ ठोकत असे. लाकडावरचा हा साधा वळणदार ‘एस’ म्हणजे ‘शॉर्ट’. सैनिकाच्या हाताच्या मापाप्रमाणे अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने दस्ते असायचे, त्यातला आखूड.

एवढं करून मी चहा घेऊन घरी आलो. स्क्रू एकही उघडला नव्हता.

आठवड्याने त्याने फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, ‘काका, रंगाखाली हे काय खरडलंय?’ मी ‘ओरिजिनल नाही’ म्हटल्यावर त्याने रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या अंगावरचा, काळा रंग काढायला घेतला होता. खालचा ‘खरा’ फिनिश दिसावा म्हणून. डाव्या बाजूला अंगठ्याएवढी जागा उघडी, आणि तिथे इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरलेली कापरी अक्षरं: ‘१/३’, पुढे ‘एफ. टी. आर.’

मी त्याला ताबडतोब फोन केला. ‘बोळा खाली ठेव, मी येतोय.’

एफ. टी. आर. म्हणजे फॅक्टरी थरो रिपेअर. रायफल कारखान्यात परत न्यायची, पार उघडायची, झिजलेलं बदलायचं, मापं तपासायची, नंबर नव्याने ठोकायचे आणि काळा रंग देऊन बाहेर काढायची. आणि १/३ म्हणजे स्टार रायफलीत चापाची जोडणी बदललेली. मूळ रचनेत चाप ट्रिगर गार्डला पिनने अडकवलेला असतो. लाकूड फुगलं किंवा आकसलं की गार्ड हलतो आणि चापाची ओढ बदलते. म्हणून युद्धानंतर तो थेट रिसीव्हरला टांगला.

या वेळी मी स्क्रू उघडले. गार्ड सुटून हातात आला. सॅव्हेजच्या मूळ रायफलीत त्याच्यासोबत चापही यायला हवा होता. तो वर रिसीव्हरलाच लोंबकळत राहिला. दोन स्क्रूंचं काम होतं, पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मग पुन्हा बोल्ट, पुन्हा भिंग. त्या धारदार आकड्यांच्या तळाशी भोवतीच्या धातूसारखाच काळा थर होता, एकसारखा. गेल्या पाच-दहा वर्षांत कुणी ठोकले असते तर तळ उघडा दिसला असता. हा थर मी पहिल्या दिवशीही पाहिला होता. धारदार कडा बघून इतका खूश झालो की त्याचा अर्थ लावायचा राहून गेला. घासणारा आणि ठोकणारा कुणी भामटा नव्हता. माझ्यासारखाच कुणीतरी पगारी माणूस आपलं काम करत होता, आणि बीएसएचा बोल्ट त्याने मापात बसला म्हणून बसवला होता.

पोरगा गप्प बसून ऐकत होता. मग त्याने टेबलाच्या खणातून एक पुडकं काढलं. आत चौकोनी ‘एस’चा, सॅव्हेजचा सुटा बोल्ट. माझ्या निकालानंतर मुद्दाम मिळवलेला.

‘हा बसवायचा नाही तर मग?’

‘नाही,’ म्हटलं. ‘आणि त्या उघड्या जागेवर रंगही मारू नकोस आता.’