दशावताराची अख्खी रात्र केडेनलाइव्हमध्ये : तिसरा आठवडा

मंडळी, अजून एकही कट मारलेला नाही. तीन आठवडे नुसत्या मांडामांडीत गेले. सहा तासांचं चित्रीकरण हाताळायचं असेल तर ते जायलाच हवेत, असं आता माझं ठाम मत आहे.

ज्यांनी आधीची नोंद वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक, गणपती-संकासुरापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत, मंडळाची परवानगी घेऊन पूर्ण टिपलं आणि आता केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची फिल्म जुळवतो आहे. समोर तिवईवर कॅमेरा, विंगेच्या बाजूला मोबाइल आणि पेटीजवळ वेगळा ध्वनिमुद्रक. प्रत देण्याचं कबूल केलं तेव्हा पेटीवाले बुवा एवढंच म्हणाले, "पेटी नि पखवाज मागे-फुडे झालो तर माका चलाचा नाय." तेव्हापासून सगळी मांडणी त्या एका वाक्याभोवती फिरते आहे.

संगणक जुना आहे: आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, वर कुबुंटू ही लिनक्स प्रणाली. केडेनलाइव्ह मी अ‍ॅपइमेज स्वरूपात घेतलं. त्यात एमएलटी या संपादन इंजिनासकट लागणारं सगळं एकाच फायलीत येतं आणि नवी आवृत्ती पसंत पडली नाही तर जुनी फाइल तशीच उघडता येते. चालू प्रकल्पाच्या मध्यावर मात्र आवृत्ती बदलायची नाही, हा नियम मी पाळतो.

पहिला आठवडा फायलींवर गेला. कॅमेरा 28 एमबीपीएसने (सेकंदाला 28 मेगाबिट) लिहितो, म्हणजे तासाला साधारण 12.6 जीबी. मेमरी कार्डाच्या फाइलपद्धतीत एका फायलीला 4 जीबीची मर्यादा असल्यामुळे दर वीसेक मिनिटांनी फाइल तुटते. सहा तासांचे अठरा तुकडे झाले. ते टाइमलाइनवर, म्हणजे संपादनाच्या पट्टीवर, एकामागे एक ठेवले की जोडावर आवाजाला बारीक खंड पडत होता. बोलण्यात तो कळत नाही, पण झांज सुरू असेल तर कान टवकारतात. कॅमेऱ्याच्या एमटीएस फायली टर्मिनलमधल्या कॅट आज्ञेने क्रमाने जोडून एक सलग फाइल केली आणि जोड ऐकू येईनासे झाले. डिस्कवर दुप्पट जागा लागते, तेवढी तयारी ठेवा. मूळ तुकडे दुसऱ्या डिस्कवर जाईपर्यंत पुसू नका.

मग फ्रेम दर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं. कॅमेरा 50 फ्रेमचा, मोबाइल 30 चा आणि तोही बदलता. उजेड कमी झाला की मोबाइल स्वतःच दर खाली आणतो, त्यामुळे पुढे चित्र आवाजापासून सरकतं. अशी फाइल आत घेताना केडेनलाइव्ह ती संपादनाला सोयीच्या स्वरूपात बदलू का, असं विचारतं. तिथे हो म्हणा, वेळ लागला तरी. प्रकल्प मी 1080 पी, 25 फ्रेमचा ठेवला. 50 चा बरोबर अर्धा होतो, पण 30 चे 25 करताना दर सहा फ्रेममागे एक गळते आणि संकासुराच्या गिरकीत तो हिसका स्पष्ट दिसतो. म्हणून मोबाइलची दृश्यं फक्त चेहऱ्याच्या जवळच्या, शांत जागांसाठी वापरणार. पुढच्या जत्रेला मोबाइलही 25 वरच लावायचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटचं लुकलुकणंही त्यात आवरतं.

प्रॉक्सी नसत्या तर हा संगणक कधीच हरला असता. 640 पिक्सेल रुंदीच्या हलक्या प्रती रात्रभरात तयार झाल्या. संपादन त्यांच्यावर होतं, अंतिम रेंडर (पूर्ण फिल्मची फाइल तयार करणं) मूळ फायलींवरून. प्रॉक्सी आणि कॅशे (तात्पुरत्या फायली) प्रकल्पाच्याच फोल्डरशेजारी राहतील अशी सेटिंग आधी करून घ्या, नाहीतर संगणकाचा मुख्य ड्राइव्ह नकळत भरतो.

आता बुवांच्या वाक्याकडे. ध्वनिमुद्रकाचा ट्रॅक संदर्भ म्हणून नेमला, कॅमेऱ्याच्या क्लिपवर ‘अलाइन ऑडिओ टू रेफरन्स’ दिलं आणि सुरुवात चपखल बसली. आनंदाने शेवटाकडे गेलो, तर पहाटेच्या भागात पेटीचा सूर बुवांच्या बोटांआधीच ऐकू येत होता. मोजलं तर चार तासांत दहा फ्रेम. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, आणि तासाला अडीच फ्रेम म्हटलं तर काहीच नाही, पण साठत जातं. वेग किंचित बदलून ताणण्यापेक्षा मला दुसरा मार्ग पटला: प्रवेश संपून वाद्यं थांबतात तिथे आवाजाचा ट्रॅक तोडायचा आणि प्रत्येक तुकडा पुन्हा जुळवायचा. शांततेत काही मिलीसेकंदांची फट पडली तरी कुणाला कळत नाही, सूर मात्र अस्सल राहतो.

हे तुकडे करताना कामाची नोंदही आपोआप उभी राहिली. टाइमलाइनवरच्या गाइडना, म्हणजे खुणांना, मी रंग ठरवून दिले: लाल म्हणजे आवाज जुळवायचा, निळा म्हणजे कॅमेरा बदलायचा, हिरवा म्हणजे पात्राची नावपट्टी. गाइडच्या यादीत एक रंग निवडला की त्या दिवसाचं काम समोर येतं. प्रोजेक्ट नोट्समध्ये वेळ टाकली की त्यावर क्लिक करून थेट त्या जागी जाता येतं. संवाद उत्स्फूर्त असल्याने संहिता नाही, म्हणून कोण कधी आलं हे मी तिथेच लिहीत गेलो. केडेनलाइव्हच्या 23.04 आवृत्तीपासून एका प्रकल्पात अनेक सीक्वेन्स (स्वतंत्र टाइमलाइन) ठेवता येतात. आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा पारंपरिक भाग, एकात, मुख्य आख्यानाचे प्रवेश वेगवेगळ्यांत ठेवले, आणि संगणक पुन्हा श्वास घेऊ लागला.

नावपट्ट्यांसाठी टिरो देवनागरी मराठी हा फाँट घेतला. बहुतेक फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, यात मराठी वळण मुळातच आहे. आपल्या मातीतल्या खेळाची अक्षरंही आपलीच असावीत, असं मला मनापासून वाटतं.

आजवर दोन तास दहा मिनिटांचा भाग जुळून झाला आहे. पहिली पंधरा मिनिटं बुवांना ऐकवली. त्यांनी मांडीवर ताल धरला, काही बोलले नाहीत, आणि शेवटी पुढचं कधी ऐकवणार तेवढं विचारलं.

एका ठिकाणी अडलो आहे. युद्धाच्या प्रवेशात झांज इतकी जवळ वाजली की ध्वनिमुद्रकाचा आवाज फाटला आहे. तेवढ्यापुरता कॅमेऱ्याचा आवाज घ्यावा तर पखवाजाचा घुमारा जातो. कुणी असा फाटलेला आवाज सावरला असेल तर काय केलंत ते नक्की सांगा.