तीन हजार सांगितले आणि डबा गेला

गेल्या शनिवार-रविवारी मी प्रेस बंद ठेवली. जानेवारीत, लग्नाच्या पत्रिकांच्या अकरा ऑर्डरी अंगावर असताना. बायकोने एवढंच विचारलं, "टेबलाचं भाडं किती?" अर्धं टेबल, दोन दिवसांचे १,८०० रुपये. उरलेल्या अर्ध्यावर अमरावतीचा एक काडेपेटीवाला, म्हणजे काडेपेट्यांची लेबलं जमवणारा, बसणार होता. मी क्रिकेटची कार्डं, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली जमवायची कार्डं, घेऊन.

नागपूरला धंतोलीतल्या त्या हॉलमध्ये दरवर्षी नाणी-नोटा-तिकिटांचं प्रदर्शन भरतं. मागच्या खेपेला ते डिसेंबरात ठेवलं होतं. हिवाळी अधिवेशनामुळे बाहेरगावच्या डीलर लोकांना लॉजमध्ये खोली मिळेना, दोघं तर स्टेशनवरच झोपले. म्हणून यंदा जानेवारी. साठ-एक टेबलं होती. त्यात खेळांची कार्डं घेऊन बसलेले आम्ही तिघंच, बाकी सगळी चांदीच्या रुपयांची आणि ७८६ नंबरच्या नोटांची दुनिया.

अमेरिकेत नुसत्या कार्डांची असली प्रदर्शनं भरतात, तिथे नोटांच्या थप्प्या घेऊन लोक फिरतात. १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं मिकी मँटल या बेसबॉलवाल्याचं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. मला त्या आकड्यापेक्षा त्याच्या मागची गोष्ट जास्त आवडते. त्या मालिकेतला न खपलेला माल टॉप्सने १९६० मध्ये बोटीत भरून समुद्रात नेऊन ओतला होता. गोदामात जागा हवी होती, बस. हे मला आतून कळतं. जानेवारीच्या शेवटी माझ्याकडे कॅलेंडरांचे गठ्ठे उरतात, तेव्हा मीही रद्दीवाल्याला फोन करतो. समुद्र असता तर तिथेच टाकले असते.

आमच्या टेबलावर कोटी नव्हते. पुढच्या रांगेत ट्रम्प कार्डांचे जुने गठ्ठे, रन-विकेट-सर्वाधिक धावा छापलेले, २०० ते ४०० रुपये. एका ट्रेमध्ये टॉप्सची क्रिकेट अटॅक्स, आयपीएलची. ही खरेदी करणारी पोरं आता कॉलेजात आहेत आणि लहानपणी कोणतं कार्ड मिळालं नाही ते त्यांना अजून पाठ आहे. वहीत यादी घेऊन येतात. एक जण तर उभ्या-उभ्या ट्रेमधली सगळी कार्डं पत्त्यांसारखी चाळून गेला आणि दहा-दहा रुपयांची बारा घेतली. त्याला १२० पैकी वीस रुपये सोडा म्हणायचं होतं, पण म्हणेना. मीच सोडले.

आणि मधोमध, उभ्या स्टँडवर, जाड ॲक्रिलिकच्या केसमध्ये माझा हिरो: नव्वदच्या दशकातलं, फ्युतेरा या ऑस्ट्रेलियन कंपनीचं सचिनचं कार्ड. चिठ्ठी लावली होती ४,५००. तीन वर्षांपूर्वी कुरिअरने मागवलं होतं ४,२०० ला. बोटांचे ठसे उमटतील म्हणून मी ते केसमधून कधी बाहेरही काढलं नव्हतं. सकाळी दहालाच एक गृहस्थ आले, एमएसईबीतून रिटायर झालेले. खूप वेळ पाहिलं. "४,००० मध्ये द्या. आत्ता नाही, संध्याकाळी रोख घेऊन येतो." मी हो म्हटलं.

दुपारपर्यंत मुख्य काम म्हणजे लोकांना निराश करणं. व्हॉट्सॲपवर कुणी तरी फिरवलेलं असतं की ट्रॅक्टरवाली ५ रुपयांची नोट लाखो रुपयांना जाते. मग माणसं प्लास्टिकच्या पिशवीत ती नोट घेऊन टेबला-टेबलावर फिरतात. "दादा, ही किती लाखाला जाईल?" पाच रुपयांना जाते जी. ऐकून ते चिडत नाहीत, तुमच्याकडे एका खास नजरेने पाहतात. हा लपवून राहिला काही तरी, असं त्या नजरेत असतं. ती नजर लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

साडेबाराला एक काकू आल्या. साठीच्या पुढे, हातात बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, वर रबर लावलेलं. शेजारच्या काडेपेटीवाल्याकडे बघून मग माझ्याकडे वळल्या.

"हे तुम्ही घेता का हो? माझ्या मोठ्या भावाचं आहे. तो गेला ऑगस्टमध्ये. वहिनी म्हणते, नेऊन टाका."

मी झाकण उघडलं. वरती पोस्टाची तिकिटं, एक-एक रुपयाच्या काही नोटा, काडेपेट्यांची लेबलं (काडेपेटीवाल्याची मान लगेच लांब झाली). त्याखाली बिग फन बबलगमचे क्रिकेटपटूंचे फोटो, शंभरेक तरी. मागे रन छापलेले. ते रन जमवून दुकानदाराला द्यायचे आणि त्याच्याकडून फ्लिक बुक घ्यायचं, अंगठ्याने पानं सोडली की बॅट्समन शॉट मारायचा. ह्या डब्यातल्या माणसाने रन जमवले आणि दिलेच नव्हते. आणि त्याखाली, वहीच्या कागदात दुमडून, एक तिकीट. रिलायन्स कप, नागपूर, ३१ ऑक्टोबर १९८७.

तो शनिवार होता, वर्ल्ड कपमधली भारत-न्यूझीलंड मॅच. मी दहा वर्षांचा. सदरला आमचं भाड्याचं घर, व्हीसीएचं मैदान तिथून जवळच. तिकीट घेण्याची ऐपत नव्हती, पण ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. चेतन शर्माने रुदरफोर्डचा त्रिफळा उडवला ते आधी टीव्हीवर दिसलं आणि दोन-तीन सेकंदांनी मैदानावरचा आवाज खिडकीतून घरात आला. मग स्मिथ, मग चॅटफील्ड. तिन्ही त्रिफळे, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. तिसऱ्या वेळी बाबांनी टीव्हीचा आवाजच बंद केला आणि आम्ही नुसती खिडकी ऐकली. मग गावसकर अंगात ताप घेऊन आला आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३. वनडेतलं त्याचं एकमेव शतक, तेही आमच्या गावात, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. २२२ धावांचं लक्ष्य ३२.१ षटकांत गाठलं. त्यानंतर मुंबईला सेमीफायनल हरलो, तो भाग आमच्या घरी कुणी काढत नाही.

तर ते तिकीट माझ्या हातात होतं.

"किती देऊ काकू?"

"तुम्हीच सांगा. ५०० द्या."

इथे खरं तर गप्प पाचशे काढून द्यायचे असतात. धंदा म्हणतात त्याला, आणि त्या हॉलमधल्या साठपैकी पंचावन्न टेबलांवर तेच झालं असतं. खोटं कशाला बोलू, मलाही एक सेकंद तसंच करावंसं वाटलं. पण तो दुमडलेला वहीचा कागद बघितला आणि म्हणालो, "काकू, पाचशे नाही. मी ३,००० देतो. ह्या तिकिटाचेच दोन हजार आहेत."

काकूंचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. त्यांनी डबा स्वतःकडे ओढला.

"काऊन? रद्दीवाला तर डब्यासकट वीस रुपये देऊन राहिला होता. तुम्ही एकदम तीन हजार?"

"त्याची किंमत आहे म्हणून."

"म्हणजे जास्त असंल." झाकण लागलं, रबर चढलं. "पाहते जरा." आणि काकू पुढच्या रांगेत. तीच नजर. काडेपेटीवाला मला हळूच म्हणाला, "भाऊ, पाचशेच म्हणायचे ना बे." मी तर्री पोहे खायला बाहेर गेलो. तिखट लागले नाहीत, यावरून काय ते समजा.

परत आलो तर टेबलापाशी एक मुलगी उभी. वीस-एकवीसची, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसवायचं बारकं भिंग लावलेलं. सचिनच्या कार्डाकडे बोट.

"काका, केसमधून काढून दाखवता का?"

"ओरिजिनल आहे," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा.

"हो ना, पण दाखवा तर."

चार स्क्रू सोडवले. तिने फोन कार्डावर धरला, नावाच्या अक्षरांवर नेला आणि थांबली. मग फोन माझ्याकडे फिरवला. "काका, काळ्या अक्षरात पिवळे-गुलाबी ठिपके काऊन दिसून राहिले?"

आता माझी लाज सविस्तर सांगतो. मी सव्वीस वर्षं छपाईत आहे. माझ्या शर्टाच्या खिशात लूप असतो, ठिपके पाहायचं भिंग, तो मी लग्नातसुद्धा काढून ठेवत नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या डीटीपीवाल्या पोराला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवतो: काळा मजकूर फक्त काळ्यात ठेव. चार रंगांतून काळा केलास तर प्लेट केसभर सरकली की अक्षराला रंगीत सावली पडते. त्यामुळे नीट छापलेल्या कार्डावर नाव लूपखाली धरलं की अक्षर भरीव काळं दिसतं, कडा कापल्यासारखी. फोटोत ठिपके, अक्षरात नाही. पण कुणी खरं कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं तर मशीनला फोटो काय आणि अक्षर काय, सगळं एक चित्रच. अक्षरंसुद्धा ठिपक्यांतून उभी राहतात. निळा, गुलाबी, पिवळा. वर फोटोतले जुने ठिपके आणि नवे ठिपके एकमेकांवर बसले की त्वचेवर जाळीसारखी नक्षी येते. सचिनच्या गालावर ती होती. शाळेच्या पोरालाही दिसावी इतकी.

हे मी दिवसाला पन्नास वेळा बघतो. लोकांच्या पत्रिकांत, औषधांच्या खोक्यांवर, हळदी-कुंकवाच्या निमंत्रणात. आणि ४,२०० रुपयांच्या ह्या कार्डावर तीन वर्षांत एकदाही लूप ठेवला नव्हता. पाटी पुसावी तसं डोकं रिकामं होऊन मी ते आवडीने घेतलं होतं. मुलीला वाईट वाटलं असावं, तिने ट्रम्प कार्डांचा एक गठ्ठा ३०० ला घेतला, घासाघीस न करता. मी तिला अटॅक्सची पाच वर दिली. नाव विचारायचं राहिलं.

सहाला ते एमएसईबीवाले काका आले, ४,००० मोजून, लिफाफ्यात घालून. स्टँड रिकामा.

"कार्ड?"

"काका, ते नकली निघालं. मलाच फसवलं होतं कुणी तरी. तुम्हाला देता येत नाही."

त्यांनी लिफाफा खिशात ठेवला. "दुसऱ्याने जास्त दिले असतील. तसं सरळ सांगा ना. मी एवढ्या लांबून, मानेवाड्याहून आलो." मी टेबलाखालच्या खोक्यातून कार्ड काढलं, लूप पुढे केला, म्हटलं स्वतः पाहा. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "हे दुसरं असंल," म्हणाले आणि गेले. आता बोला.

रविवारी गर्दी जास्त, विक्री कमी. रविवारी लोक पोरांना घेऊन येतात आणि पोरांना सगळं हाताळायचं असतं. चारच्या सुमारास मी टेबल काडेपेटीवाल्याच्या भरवशावर सोडून एक चक्कर मारली. मागच्या भिंतीला जबलपूरचा एक नाणीवाला बसतो, दरवर्षी येतो. त्याच्या काचेखाली, होळकरांच्या तांब्याच्या पैशांच्या शेजारी, माझं तिकीट. चिठ्ठी: ८,०००.

मी फार वेळ लांबूनच पाहिलं. मग या वेळी आधी लूप काढला. क्रमांकावर अंगठा फिरवला. नंबरिंग मशीनचा आकडा कागदात रुतलेला असतो, मागून बोटाला उंचवटा लागतो. स्कॅन करून छापलेल्याला तो नसतो. लागला. वही उघडल्यासारखं तिकीट उलटं केलं तर मागे पेन्सिलीने काही तरी खरडलेलं.

"८,००० जास्त होतात भैया."

"आपके लिए साढ़े पाँच। मुझे ख़ुद पाँच हज़ार में पड़ा है, क़सम से।"

मी हसलो. ह्या हॉलमध्ये कोण खरेदीचा भाव सांगतो? काकूंना ह्याने फार तर हजार दिले असतील, असं मी मनात धरलंच. तो म्हणाला, "आपको झूठ लग रहा है।" मी म्हटलं, नाही, नाही. आणि ५,५०० दिले. मी ज्या डब्याचे ३,००० देत होतो, त्यातलं एक तिकीट.

हिशेब सांगून टाकतो: दोन दिवसांची विक्री ७,१४०, टेबल १,८००, तिकीट ५,५००, पोहे-चहा २६०. सचिन धरत नाही. बायकोला तिकिटाचा भाव सांगितला, ती म्हणाली, "बरं, आता खरा सांगा."

रात्री प्रेसवर जाऊन ते लाइट टेबलवर ठेवलं. खालून उजेड आला तेव्हा मागची पेन्सिल नीट वाचता आली. तीन ओळी, एकाखाली एक, घाईघाईत, बहुधा स्टँडमध्ये मांडीवर ठेवून लिहिलेल्या: रदरफोड. स्मीथ. चाटफिल. चाटफिलच्या पुढे पेन्सिलीचं टोक मोडलेलं आहे, कागदाला तिथे बारीक भोक पडलंय. मी त्या भोकावर लूप ठेवून बसलो होतो, तेवढ्यात फोन आला. सोमवारच्या पत्रिकेत मुलीच्या आजोबांचं नाव चुकलं होतं आणि हजार प्रती कटिंगला गेल्या होत्या.